दारू किती, शिसे किती? बंदुकीच्या जुन्या कोष्टकांचे वाचन

(१)
चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे निघाले की वैनगंगा ओलांडण्यापूर्वी सावली लागते. धानाच्या बांध्या, माजी मालगुजारी तलाव आणि त्यांना खेटून उभे असलेले सागवान-बांबूचे जंगल, असा हा मुलूख. येथे शेत आणि रान यांच्यामध्ये भिंत नाही. धान पोटरीला आले की रानडुकरे बांधीत उतरतात आणि शेतकरी रात्र मचाणावर काढतो. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात याच गरजेची दखल आहे. पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात स्वतंत्रपणे नमूद आहे. पूर्व विदर्भात या बंदुकीला ‘भरमार’ म्हणतात.

(२)
ठासणीच्या बंदुकीत तयार काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी किंवा छर्रे, आणि गजाने सारे ठासून बसवायचे. म्हणजे प्रत्येक बाराच्या वेळी एकच प्रश्न नव्याने उभा राहतो : दारू किती, शिसे किती? दारू कमी पडली तर बार फुसका जातो. जास्त झाली तर नळी फाटते. या प्रश्नाची उत्तरे गेली दोनशे वर्षे छापील कोष्टकांत दिली जात आहेत. आणि त्यांतील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, दोन प्रामाणिक ग्रंथांतील आकडे क्वचितच जुळतात.

(३)
आज अमेरिकेत आणि युरोपात रिकामी काडतुसे घरी पुन्हा भरणे हा रीतसर छंद आहे. दारू आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या त्यासाठी जाडजूड पुस्तिका छापतात. एकाच लहान कॅलिबरच्या काडतुसासाठी दोन पुस्तिका उघडल्या तर दारूची कमाल मात्रा वेगळी, गोळीचा वेगही वेगळा आढळतो. नवखा वाचक विचारतो, ‘यांतले खरे कोणते?’ इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न ओळखीचा वाटावा. दोन बखरींत एकाच लढाईचे दोन आकडे सापडले की तोही हेच विचारतो. या प्रश्नाचा माग काढायला जुना मध्य प्रांत ही फार चांगली जागा आहे.

(४)
प्रथम मापे. इंग्रजी ग्रंथांत काळी दारू ‘ड्रॅम’मध्ये मोजत. एक ड्रॅम म्हणजे सुमारे २७.३ ग्रेन, अर्थात पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. १८३३ मध्ये कंपनी सरकारने तोळ्याचे वजन १८० ग्रेन ठरवले होते. त्या हिशेबाने पाच ड्रॅम दारू म्हणजे जवळजवळ पाऊण तोळा. नळीचा व्यास ‘बोअर’मध्ये सांगत : एक पौंड शिशाच्या जितक्या समान गोल गोळ्या होतील तितका बोअर. म्हणून आकडा मोठा तर नळी लहान. १४ बोअरची गोल गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे पावणेतीन तोळ्यांहून किंचित अधिक भरते.

(५)
१८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा कंपनीच्या अमलाखाली आला. १८५८ मध्ये याच जिल्ह्यात बाबूराव शेडमाके यांनी बंड उभारले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात त्यांना फाशी देण्यात आली. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. सर रिचर्ड टेम्पल यांच्या कारकिर्दीत या प्रांताची जंगले मोजण्याचे, त्यांचे नकाशे करण्याचे आणि महसूल बसवण्याचे काम धडाक्याने सुरू झाले. त्या कामासाठी रानोमाळ हिंडणाऱ्या अधिकाऱ्यांत कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा एक होता.

(६)
फोर्सिथचा जन्म १८३८ चा. तो मध्य प्रांतात वनखात्याचा अधिकारी होता, पुढे निमाडचा जमाबंदी अधिकारी आणि डेप्युटी कमिशनर झाला. पचमढीच्या पठाराशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. १८७१ मध्ये वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला आणि ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ त्याच वर्षी निघाला. पण त्याआधी, १८६० च्या दशकाच्या आरंभी, त्याने एक लहानसे तांत्रिक पुस्तक लिहिले होते : ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’. शिकारी रायफलीत किती दारू आणि कशी गोळी असावी, हा त्याचा विषय.

(७)
त्या काळचा पेच असा होता. रायफलीच्या नळीत आतून पीळ दिलेल्या खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात आणि फिरकीमुळे गोळी सरळ जाते. पण पीळ घट्ट असेल आणि दारू जास्त भरली, तर शिशाची मऊ गोल गोळी खाचा धरून फिरण्याऐवजी त्यांवरून घसरत सुटते आणि नेम बिघडतो. म्हणून अनेक रायफलींत दारू बेताचीच भरावी लागे. दारू बेताची म्हणजे वेग कमी. वेग कमी म्हणजे गोळीची वाट कमानदार. सपाट मैदानावर अंतर मोजून नेम धरता येतो. बांबूच्या बेटात अचानक उभ्या राहिलेल्या रानगव्याचे अंतर कोण मोजणार?

(८)
फोर्सिथचे उत्तर धाडसी होते. त्याने पीळ अतिशय सैल केला. १४ बोअरच्या नळीत १०४ इंचांत एक फेरा, म्हणजे नळीच्या प्रत्यक्ष लांबीत गोळी पाव-तिसरा हिस्साच फिरणार. एवढी फिरकी गोल गोळीला पुरते. आता ती खाचांवरून घसरत नाही, म्हणून तिच्यामागे पाच ड्रॅम दारू निर्धास्तपणे भरता येते. परिणामी जवळच्या अंतरांवर गोळीची वाट जवळजवळ सपाट राहते आणि शिकाऱ्याला अंतराचा अंदाज चुकला तरी नेम फारसा चुकत नाही.

(९)
आता याच्या शेजारी त्या काळातील सर्वांत गाजलेले दुसरे कोष्टक ठेवावे. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल : व्यास .५७७ इंच, गोळी लांबट आणि ५३० ग्रेनची, दारू सुमारे अडीच ड्रॅम, पीळ ७८ इंचांत एक फेरा. याच रायफलीच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसांनी १८५७ च्या उठावाची ठिणगी पेटवली. त्या कागदी पुडीत मोजलेली दारू आणि गोळी एकत्र बांधलेली असे. म्हणजे मोजणीचे काम शिपायाच्या हातून निघून कारखान्याकडे गेले होते.

(१०)
दोन्ही कोष्टके जवळ ठेवली की काय दिसते?

एनफिल्ड : शिसे ५३० ग्रेन, दारू सुमारे ६८ ग्रेन. दारू शिशाच्या सुमारे १३ टक्के.
फोर्सिथ : शिसे ५०० ग्रेन, दारू सुमारे १३७ ग्रेन. दारू शिशाच्या सुमारे २७ टक्के.

शिशाचे वजन जवळपास सारखे आणि दारू मात्र दुप्पट. केवळ आकडे पाहणारा म्हणेल, यांपैकी कोणीतरी चुकले आहे. प्रत्यक्षात दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

(११)
एनफिल्डचा बार लष्करासाठी होता. शेकडो यार्डांवरील शत्रूच्या रांगेवर, साध्या प्रशिक्षणाच्या शिपायाने, दिवसभर खांदा न सुजता मारत राहावे, ही त्याची अट. लांबट गोळी हवेत वेग कमी गमावते, म्हणून दूरच्या पल्ल्याला ती सोयीची. फोर्सिथचा बार रानासाठी होता. अंतर जवळचे, संधी एकाच बाराची, जनावर मोठे आणि चिवट. गोल गोळीचा वेग दूरवर झपाट्याने कमी होतो खरा. परंतु सागवानाच्या रानात दूरवरचे दिसतेच कुठे? उद्देश बदलला की ‘योग्य मात्रा’ बदलते.

(१२)
तिसरे कोष्टक सॅम्युअल बेकरचे. सिलोनमध्ये हत्तींची शिकार करणाऱ्या बेकरने १८४० मध्ये ब्रिस्टलच्या गिब्जकडून २१ पौंड वजनाची रायफल बनवून घेतली होती. तिच्यात १६ ड्रॅम दारू जाई. १६ ड्रॅम म्हणजे एक पूर्ण औंस, आपल्या मापात जवळजवळ अडीच तोळे! तिची गोल गोळी तीन औंसांची होती. या हिशेबात दारू शिशाच्या ३३ टक्के होते. एनफिल्डच्या सडसडीत नळीत एवढी दारू भरण्याची कल्पनाही आत्मघातकी ठरली असती. बेकरच्या आकड्यामागे २१ पौंडांचे पोलाद उभे होते. ते वगळून केवळ ‘१६ ड्रॅम’ एवढेच उद्धृत करणे म्हणजे अर्धे वाक्य उद्धृत करणे.

(१३)
म्हणजे कोष्टकातील प्रत्येक आकड्याला न छापलेले काही रकाने चिकटलेले असतात : नळी किती जाड, पीळ किती घट्ट, पल्ला किती, दारू कोणत्या कारखान्याची. काळी दारू सगळीकडे सारखी नसे. कोळसा कोणत्या लाकडाचा, दाणा जाड की बारीक, यांवर तिचा जोर ठरे. इंग्लंडमधील कर्टिस अँड हार्वेची दारू आणि देशी सोरा-गंधकाची घरगुती दारू यांचे पाच-पाच ड्रॅम एकाच मापाने मोजले तरी ते एक नव्हेत. त्यात मध्य प्रांताचा पावसाळा : दमट दारूचा बार कसा निघतो, हे भरमार बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे.

(१४)
मोजण्याच्या साधनांचाही प्रश्न होता. गोळीचा वेग मोजण्याची पहिली विश्वासार्ह युक्ती बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये मांडली : टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडायची आणि झोक्यावरून वेग काढायचा. विजेवर चालणारे क्रोनोग्राफ १८६० च्या दशकात पुढे आले, तेही तोफखान्यांच्या मैदानांवर. सामान्य शिकारी मोजलेल्या अंतरावर लक्ष्य उभे करी आणि गोळी किती खाली लागली ते पाही. बंदूक बनवणारे मात्र जाहिरातीत मनसोक्त दावे करीत. १८८३ मध्ये ‘द फील्ड’ या लंडनच्या साप्ताहिकाने निरनिराळ्या रायफलींच्या जाहीर चाचण्या घेतल्या. एकाच मैदानावर, एकाच रीतीने अनेक रायफली तपासल्या की मगच त्यांचे आकडे शेजारी मांडता येतात, हे तत्त्व अशा चाचण्यांनी शिकाऱ्यांच्या गळी उतरवले.

(१५)
एवढ्यात पायाखालची जमीनच बदलली. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूरविरहित दारू तयार केली आणि १८८६ मध्ये फ्रान्सने तिच्यासाठी ८ मिलिमीटरची लेबेल रायफल स्वीकारली. १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये एबल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइट शोधले. नवी दारू अधिक जोमाची होती आणि मागे काजळीही कमी ठेवी. त्यामुळे नळी लहान करता येऊ लागली. चौदा बोअरच्या जवळजवळ १८ मिलिमीटर व्यासावरून लष्करी रायफल पावणेआठ मिलिमीटरवर आली. लहान कॅलिबरचे युग सुरू झाले.

(१६)
ब्रिटिश फौजेचे .३०३ काडतूस हे या स्थित्यंतराचे उत्तम उदाहरण, कारण ते दोन्ही युगांत जगले. आरंभी त्यात दाबून बसवलेली काळी दारू होती : सुमारे ७१ ग्रेन दारू, २१५ ग्रेनची गोळी, वेग दर सेकंदाला सुमारे १,८५० फूट. काही वर्षांतच त्याच आकाराच्या काडतुसात कॉर्डाइट आले : अवघे ३१ ग्रेनच्या आसपास, गोळी तीच, आणि वेग सुमारे १,९७० फूट. निम्म्याहून कमी दारू आणि वेग मात्र अधिक! १९१० च्या सातव्या मार्कमध्ये गोळी १७४ ग्रेनची, हलकी आणि टोकदार झाली. वेग २,४४० फुटांवर गेला.

(१७)
काडतुसाचे नाव तेच, आकार तोच. पण तीन कोष्टके, तीन जगे. जुन्या पुस्तकातील ‘.३०३ साठी इतके ग्रेन’ हा आकडा नव्या दारूला लावला तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. अशा चुका प्रत्यक्षात झाल्या. छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी काही धूरविरहित दारू मुद्दाम अशा बनवल्या गेल्या की काळ्या दारूच्या मापाने, तेवढेच आकारमान भरून, त्या वापरता याव्यात. दुसऱ्या प्रकारच्या दारू घट्ट होत्या. त्या वजन करूनच भरायच्या. दोन्हींचे डबे एकाच दुकानात. जुन्या सवयीने मापटे भरून घट्ट दारू ओतणाऱ्याच्या हातात बंदूक फुटे.

(१८)
याहून विलक्षण वारसा एका शब्दाचा आहे. अमेरिकेतील छर्ऱ्याच्या काडतुसांच्या खोक्यांवर ‘ड्रॅम इक्विव्हॅलंट’ असा उल्लेख दीर्घकाळ छापला जात राहिला. आत काळी दारू नसतेच. ‘इतक्या ड्रॅम काळ्या दारूने जो वेग मिळाला असता, तो या काडतुसातून मिळेल’, एवढाच त्याचा अर्थ. जो तो आकडा वजन समजून वाचेल, तो धोक्यात. मूळ पदार्थ नाहीसा झाला तरी त्याचे माप भुतासारखे कागदावर उरले. इतिहासाच्या साधनांत असे कितीतरी शब्द असतात. बिघा, खंडी, होन हे शब्द एका शतकात आणि एका परगण्यात जे सांगतात, ते दुसरीकडे सांगतीलच असे नाही.

(१९)
आता हवामान. कॉर्डाइट तापले की त्याचा दाब वाढतो. बर्मिंगहॅमच्या थंड हवेत निर्धोक ठरलेले काडतूस मे महिन्यात चांद्याच्या उन्हात वेगळे वागते; येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नळी गरम, काडतुसे कमरेच्या पट्ट्यात तापलेली. दाब वाढला की रिकामे काडतूस नळीत घट्ट बसते आणि दुनळी बंदूक उघडत नाही. समोर जखमी वाघ असताना बंदूक न उघडणे म्हणजे काय, हे अनुभवी शिकारी जाणून होते. म्हणून ब्रिटिश कारखाने भारत आणि आफ्रिकेसाठी उष्ण प्रदेशांची वेगळी, किंचित कमी कॉर्डाइटची काडतुसे भरू लागले. एकाच काडतुसाची विलायती आणि हिंदुस्थानी अशी दोन कोष्टके झाली, ती यामुळे.

(२०)
आधुनिक पुस्तिकांतील तफावतही याच घराण्यातली. नळीतील दाब मोजण्याची जुनी रीत अशी : नळीला छिद्र पाडून तेथे तांब्याचा लहानसा नळकांडा ठेवायचा आणि बारानंतर तो किती चेपला ते पाहायचे. नवी रीत स्फटिकाच्या विद्युत संवेदकाची. दोन्ही ‘दाब’च मोजतात, पण आकडे वेगळे देतात. .३०३ साठी अमेरिकी मानकात तांब्याच्या रीतीने कमाल मर्यादा ४५,००० आणि स्फटिकाच्या रीतीने दर चौरस इंचाला ४९,००० पौंड आहे. युरोपीय मानक ३,६५० बार सांगते, जे रूपांतर केल्यास ५२,९०० पौंडांच्या आसपास भरते. काडतूस एक, मर्यादा तीन. संवेदक कोणता आणि तो कोठे बसवला, हे समजल्याशिवाय ही तुलना निरर्थक आहे.

(२१)
कोष्टकात बसत नाही असाही एक रकाना आहे : परिणाम. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत .३०३ ची नवी वेगवान गोळी माणसातून आरपार जाते, पण तो थांबत नाही, अशी तक्रार ब्रिटिश फौजेतून आली. वेगाचा आकडा वाढला होता. प्रत्यक्ष परिणाम घटल्यासारखा वाटत होता. त्यातून कलकत्त्याजवळच्या डमडम येथे टोकाशी उघड्या शिशाची, शरीरात पसरणारी गोळी तयार झाली. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्यांना मनाई केली. कोष्टक वेग सांगते. त्या वेगाने कोणाचे काय झाले, ते दुसऱ्या कागदांत शोधावे लागते.

(२२)
मध्य प्रांतातील शिकारीच्या बाबतीत ते ‘दुसरे कागद’ फार थोडे आहेत. वाघाची शिकार बहुधा हाक्याने होई. साहेब मचाणावर, खाली रानातून ढोल-डबे वाजवत वाघाला पुढे काढणारे हाकेवाले म्हणजे आसपासच्या गावांतले लोक, चांद्यात बहुतांशी गोंड आणि इतर आदिवासी. बार कमी पडला आणि वाघ जखमी होऊन झुडपात शिरला, तर त्याच्या रक्ताचा माग काढत पुढे चालणारा मागाडी बहुधा स्थानिकच असे. फोर्सिथसारखा लेखक दारूच्या मात्रेवर इतका काथ्याकूट का करतो, याचे उत्तर येथे आहे. चुकीच्या आकड्याची किंमत नेहमी आकडा निवडणाऱ्यालाच मोजावी लागत नसे. ज्याने ते पुस्तक कधी पाहिले नाही, त्याचा जीव त्या कोष्टकाला टांगलेला असे.

(२३)
आणि हे कोष्टक वापरण्याचा अधिकारही सर्वांना नव्हता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याविना शस्त्र बाळगण्यास मनाई केली; युरोपीयांना मात्र नियमांद्वारे मोकळीक होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. गोंड शिकाऱ्याचेही दारूचे ज्ञान होते : आपली नळी किती सोसते, कोणत्या महिन्यात दारू कशी जळते, डुकराला काय लागते आणि चितळाला काय. ते हातातून हाताला गेले, छापखान्यापर्यंत गेले नाही. परवान्याच्या नोंदीत त्याची बंदूक दिसते, त्याचे गणित दिसत नाही.

(२४)
कायद्याने काडतुसांचे आकारही घडवले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० कॅलिबरच्या शिकारी काडतुसांना हिंदुस्थानात बंदी केली; लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींना चालेल असा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये, ही भीती त्यामागे होती. विलायतेतील बंदूकवाल्यांनी लगेच .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसे काढली. नागरिकांना .३०३ सारखी लष्करी कॅलिबर वर्ज्य असल्याने पुढे भारतात .३१५ ही नागरी रायफल रूढ झाली. तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ८ मिलिमीटर मॅनलिकरचे. एका साम्राज्याच्या भीतीमुळे दुसऱ्या साम्राज्याचे काडतूस भारतीय शेतकऱ्याच्या परवान्यात आले.

(२५)
या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे दिसतात. केएफ म्हणजे किरकी, आजची पुण्याजवळची खडकी. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ चा. म्हणजे फोर्सिथ हयात असतानाच तो उभा राहिला. पुढे जळगाव जिल्ह्यात वरणगाव आणि चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथेही आयुध निर्माणी आल्या. भारतात दारूगोळा तयार करणे हे परवान्याचे काम असल्याने घरी काडतूस भरण्याचा छंद येथे रुजला नाही. ‘दारू किती’ हा प्रश्न कारखान्यात सुटतो आणि उत्तर पितळी कवचात बंद होऊन येते. उत्तर स्वतः शोधण्याची जुनी रीत उरली ती भरमारेत.

(२६)
ज्या शिकारीसाठी ही कोष्टके लिहिली गेली, ती संपली. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाची शिकार गुन्हा ठरली, १९८२ मध्ये चांद्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. जुन्या चांदा जिल्ह्याच्या अहेरी-सिरोंचाकडील जमीनदाऱ्यांत रानम्हशी होत्या. आज महाराष्ट्रात त्यांचा लहानसा कळप गडचिरोलीतील कोलामार्का परिसरात उरला आहे. कोष्टकांत ज्या जनावराचे नाव ‘इतके ड्रॅम’ या शब्दांपुढे येई, ते जनावरच आता बोटांवर मोजावे लागते. आणि सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात वाघ वाढले असून माणूस आणि वाघ पुन्हा आमनेसामने आले आहेत. आता उत्तर दारूच्या मापात शोधायचे नाही, एवढा फरक.

(२७)
मग दोन कोष्टके जुळली नाहीत तर काय करावे? सरासरी काढणे ही सर्वांत वाईट रीत. फोर्सिथ आणि एनफिल्ड यांची सरासरी काढली तर साडेतीन-पावणेचार ड्रॅम येतात. ती मात्रा ना रानासाठी ठरवलेली, ना रणासाठी. त्याऐवजी प्रत्येक आकड्याला पाच प्रश्न विचारावेत. कोणत्या नळीतून? कोणत्या दारूने? कोणत्या साधनाने मोजले? कोणत्या हवेत? आणि कशासाठी? यांची उत्तरे मिळाली की बहुतेक वेळा विसंगती विरघळते आणि दोन्ही लेखक खरे ठरतात.

(२८)
हेच प्रश्न महसुलाच्या आकड्यांना, शिरगणतीला, लढाईतील मृतांच्या संख्येला आणि दुष्काळातील धान्याच्या भावालाही लागू पडतात. त्यांत सहावा प्रश्न जोडावा लागतो तो चांद्याच्या हाकेवाल्यांमुळे : हा आकडा चुकला असता तर किंमत कोणी मोजली असती? छापील कोष्टकात त्या माणसासाठी रकाना नसतो. तो रकाना आखणे हे इतिहासकाराचे काम आहे.